एकमताने

इतिवृत्त मीच लिहितो. अक्षर बरं आहे म्हणून,
आणि दुसरं कुणी ते काम मागत नाही म्हणून.
ग्रामसभा, मारुतीच्या देवळापुढं, सकाळी दहा.
कोरम भरला अकरा वीसला.
विषय एकच : कोल्हापूरच्या हद्दीत जायचं का नाही.

सरपंच हिंदुराव मगदूम उठले.
माईक नको म्हणतात, मग सोडत नाहीत.
"आमचं आम्ही बघून घेतो," म्हणाले,
"गटार तुंबलं तर माझ्या दारात या,
पायताण घेऊन या.
महापालिकेत कुणाच्या दारात जाशीला?"
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
खरंच आहे ते.
गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो त्यांच्या दारात,
नको ते बोललो, त्यांनी चहा पाजला.
पाणी मात्र आलं नाही.

आमच्या घरात एक पितळी शिक्का आहे.
तात्यांचा, म्हणजे आजोबांच्या थोरल्या भावाचा.
दरबारच्या मुलकी कचेरीत कारकून होते ते.
एकोणपन्नास सालच्या मार्चात संस्थान विलीन झालं,
त्या सकाळी त्यांना काम मिळालं साधंच :
शिल्लक कागदांवरचं 'करवीर सरकार' खोडायचं,
वर 'मुंबई सरकार' लिहायचं.
दुपारपर्यंत चारशे कागद. जेवायला उठले नाहीत.
पुढं कुणी विचारलं तर म्हणायचे,
"राज्य गेल्याचं काय न्हाई रे,
खोडताना रेघ सरळ येत नव्हती."
शिक्का त्यांनी जमा केला नाही.
चोरीच ती.
आता दिवाळीत आई तो शंकरपाळ्यांवर दाबते,
उलटी अक्षरं पिठात सुलटी होतात
आणि आम्ही करवीर खातो,
तळलेलं, चहाबरोबर.

आणि तरी पुण्यात कुणी विचारलं, गाव कुठलं,
तर मी कोल्हापूर म्हणतो.
छाती थोडी पुढं येते,
तांबडा रस्सा, तालमी, रंकाळा,
सगळं माझ्याच नावावर असल्यासारखं.
ज्या शहराच्या घरफाळ्यात
मला एक रुपया घालायचा नाही.

मग ओढ्यापलीकडच्या माळवाडीचा संभा लोहार उठला.
"गाव शहराला न्हाई म्हणतंय, ब्येस.
तसं आमी गावाला न्हाई म्हणतो.
दिवाबत्ती तुमच्याकडं, उकिरडा आमच्याकडं,
किती वर्सं?
माळवाडीची ग्रामपंचायत येगळी करा."
देवळावरचं कबुतरसुद्धा गप्प.
पाणी सोडणारा शौकत नायकवडी खुदकन हसला,
टाकीची चावी बोटात फिरवत राहिला.
हिंदुरावांचा चेहरा
पेपरातल्या महापौरांसारखा झाला.
"आरं, एकी पायजे," म्हणाले, "तुकडं करून काय मिळतंय?"
हे वाक्य मी लिहून घेतलं नाही.

हात वर करा म्हटलं, हात वर झाले.
मी मोजत होतो, म्हणून माझा खाली.
हे कुणाच्या लक्षात आलं नाही,
आधी माझ्याही.
पहिल्या रांगेत केराबाई,
दोन्ही हात पदराखाली.
"मावशे, हात?"
"दवाखान्याची गाडी कुठनं येती ते सांग," म्हणाली,
"मग करतो वर."
इतिवृत्तात याला रकाना नाही.

"लिहा," हिंदुराव म्हणाले, "एकमताने नामंजूर."
मी लिहिलं, सदर प्रस्ताव,
मग एका शब्दाची जागा सोडली,
मग लिहिलं, नामंजूर.
त्या जागेत 'एकमताने' बसतं,
'बहुमताने'ही बसतं,
मोजून बघितलं.
सह्या झाल्या, अंगठे झाले.
ग्रामसेविका बाईंचं शाईचं पॅड वाळलेलं,
त्यावर देवळातलं तीर्थ शिंपडलं
आणि शिक्का दाबला,
फिकट उठला, पण उठला.

तेवढ्यात दीडची केएमटी आली.
अर्धी सभा चपला शोधत पळाली
आणि तिच्यात चढली,
शहरात,
दुसऱ्या पाळीला.